हरणे बागडत होती : निरीक्षण या पद्धतीविषयी

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात शाळेची सहल जाऊन आली की दुसऱ्या दिवशीच्या निबंधात एक वाक्य हमखास सापडते : ‘माळावर हरणे बागडत होती.’ वाक्य गोड आहे, व्याकरणाला धरून आहे आणि मुलांनी जे पाहिले त्याच्याशी प्रामाणिकही आहे. तरी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने या वाक्यापाशी थांबावे, कारण निरीक्षण या पद्धतीची सगळी अडचण त्या एका क्रियापदात बसलेली आहे. मुलांना दिसले ते एवढेच असणार : एका मादीने चारही पाय जमिनीवरून उचलत उंच उसळी घेतली, तिच्यामागे दुसरीने, मग तिसरीने, आणि सगळा कळप उसळ्या घेत माळाच्या पलीकडच्या अंगाला गेला. बागडतात ती सुटी लागलेली मुले. त्यात आनंद आहे, मोकळेपण आहे, कसलीही घाई नाही. काळविटाच्या कळपातली ती उसळी मात्र पुष्कळदा धोक्याची चाहूल लागल्यावर घेतलेली असते, आणि त्या सकाळी धोका म्हणून माळावर जे आले होते ती बहुधा सहलच होती. म्हणजे जी भीती मुलांनी स्वतः निर्माण केली, तीच त्यांनी आनंद म्हणून वहीत उतरवली. मुलांना हसण्याचे कारण नाही. बँकेच्या रांगेतला माणूस ‘वैतागलेला’ होता, वर्गातली मुलगी ‘लाजाळू’ आहे, मुलाखतीला आलेला तरुण ‘आत्मविश्वासू’ वाटला, असे आपण दिवसभर लिहीत-बोलत असतो. ही सगळी वाक्ये बागडण्याच्याच जातीची आहेत.

या वाक्यात चूक आहे, ही माझी तक्रार नाही. कदाचित एखाद्या सकाळी ती हरणे खरोखर खेळतही असतील. तक्रार अशी की हे वाक्य चुकीचे ठरण्याची सोयच त्यात नाही. ‘पाच मिनिटांत सात उसळ्या, दिशा पूर्वेकडे, पश्चिमेला साधारण शंभर पावलांवर माणसांचा घोळका’ असे कोणी लिहिले, तर दुसरा कोणी शेजारी बसून ते तपासू शकतो, मोजणी चुकली म्हणू शकतो, उद्या घोळका नसताना येऊन पुन्हा पाहू शकतो. ‘बागडत होती’ याचे काय करणार? पाहणारा खोटा ठरण्याची वाट ज्या पाहण्यात मोकळी ठेवलेली असते, त्यालाच निरीक्षण म्हणावे. बाकीचे पाहणे कितीही बारकाईचे असले तरी त्याला दुसरे नाव द्यावे. या प्रस्तावनेत मला हे एकच म्हणणे मांडायचे आहे.

मराठीत त्या दुसऱ्या नावांची वाण नाही. आपण बघतो, पाहतो, निरखतो, न्याहाळतो, हेरतो, टेहळतो, पाळत ठेवतो आणि टिपतो. या प्रत्येक क्रियापदात पाहणाऱ्याचा हेतू आधीच भरलेला आहे. न्याहाळण्यात जिव्हाळा आहे, हेरण्यात डाव आहे, पाळत ठेवण्यात संशय आहे. ‘टिपणे’ तर विलक्षणच : पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो आणि कारकून मुद्दे टिपतो. तिन्ही ठिकाणी समोरच्या ढिगातून आपल्याला हवे तेवढेच उचलले जाते. पाठ्यपुस्तकांत निरीक्षणाला बहुधा दोन-तीन पानांची जागा मिळते : नैसर्गिक आणि नियंत्रित, सहभागी आणि असहभागी, रचनाबद्ध आणि मुक्त. विद्यार्थी जोड्या पाठ करतो आणि पुढच्या प्रकरणातल्या प्रयोगपद्धतीकडे वळतो. तिथे उपकरणे आहेत, आकडे आहेत, म्हणून तिथे विज्ञान आहे अशी त्याची समजूत होते. ज्यांच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्यांनी निरीक्षण करावे, असा एक अलिखित दर्जा या पद्धतीला चिकटला आहे. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्यांना तो अधिक बोचत असावा. प्रत्यक्षात उपकरण जितके कमी, तितकी शिस्त पाहणाऱ्याच्या अंगावर जास्त येते. म्हणून ही पद्धत सोपी समजणे महागात पडते.

नुसती नजर आणि शिस्तीची नजर यांत काय फरक पडतो, हे कर्जतच्या शेतकऱ्याला मानसशास्त्राच्या पुस्तकाने सांगायला नको. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, हा शब्द घराघरात ठाऊक आहे. जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. आधी नजर पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाच्या सवलती ठरतात. ‘नजर’ हा शब्द सरकारी कागदावर इतक्या उघडपणे क्वचितच येत असेल. त्या नजरेवर गावाचा भरवसा किती, हेही सर्वांना माहीत आहे : रस्त्याकडेची, विहिरीखालची शेते आधी दिसतात, आणि आतल्या मुरमाड रानापर्यंत गाडी जात नाही. म्हणून तर पीक कापणी प्रयोग करतात. शेत आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, आणि जे आत येईल ते कापून, मळून, वजन करायचे. हे तंत्र भारतात रुजवणाऱ्यांत पांडुरंग सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातून आलेले संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते. लहान तुकडे कापले तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले. कारण गमतीचे आहे. आखलेल्या रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असेल तर त्याच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. त्या कापणाऱ्याला कोणी लाच दिलेली नसते. भरल्या कणसाकडे हात जातो, एवढेच. मानसशास्त्रातल्या निरीक्षकाचे ‘काठावरचे ताट’ म्हणजे असे वर्तन, जे या रकान्यातही बसते आणि त्याही. ते कुठे घालायचे हे आधी ठरलेले नसेल, तर हात आपल्या गृहीतकाच्या बाजूला जातो.

आता रेहेकुरीकडे परत जाऊ, कारण निरीक्षण शिकायला याहून सोयीची जागा मला सुचत नाही. १९८० मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. उघडा माळ, खुरटे गवत, बाभळी-हिवराची झाडे. काळवीट दिवसा वावरणारा प्राणी, त्यामुळे डोळ्यांना दिसतो. आणि तो प्रश्नावली भरत नाही, ही त्याची मोठी कृपा. माणसाच्या बाबतीत पाहणे अवघड झाले की आपण लगेच विचारतो. इथे ती पळवाट बंद आहे. पहिल्या तासात नवशिक्याची वही प्रौढ नराने भरते. तो काळाभोर अंग आणि पिळाची शिंगे घेऊन माळावर उठून दिसतो. आपल्या हद्दीत तो लेंड्यांचे ढीग राखतो, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा वास काड्यांना लावतो, मादी जवळ आली की मान वर करून, शिंगे पाठीवर टेकवून ताठ चालतो आणि शेजारच्या नराशी झुंजतो. पिवळट तपकिरी माद्या खाली मान घालून तासचे तास चरत असतात, आणि त्यांच्याविषयी वहीत एक ओळ असते : ‘बाकीचा कळप चरत होता.’ वही वाचणाऱ्याला वाटावे, काळवीट म्हणजे झुंजणारा प्राणी. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली वर्तनाच्या निरीक्षणातील नमुनानिवडीवर जो निबंध लिहिला, त्याचा रोख याच सवयीवर होता. जे लक्ष वेधेल ते लिहायचे, या पद्धतीने गोळा केलेल्या नोंदींवरून प्रमाण काढता येत नाही. कारण ठळक घटना सुटत नाहीत आणि फिक्या घटना सापडत नाहीत. त्याऐवजी एक जनावर आधीच निवडावे आणि ठरलेल्या वेळेपर्यंत, ते कितीही कंटाळवाणे वागले तरी, त्याच्यावरून नजर हलवू नये. किंवा दर दहा मिनिटांनी सगळ्या कळपावरून एकदा नजर फिरवावी आणि त्या क्षणी प्रत्येक जण काय करतो आहे तेवढेच नोंदवावे. निवड घड्याळाने करायची, आपल्या कुतूहलाने नाही. हा निबंध माकडांचा आणि इतर प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी होता, पण बालवाडीच्या वर्गात बसणाऱ्या निरीक्षकालाही तो जसाच्या तसा लागू पडतो. वर्गात दंगा करणारा मुलगा म्हणजे माळावरचा काळा नर. वही त्याचीच होते.

याच माळावर वर्णन आणि अर्थ यांच्यातली सांधही दिसते. काळविटाचे पाडस जन्मल्यावर सुरुवातीचे काही दिवस गवतात दबून बसते. आई दूर चरते आणि मधूनच येऊन पाजून जाते. अशा पाडसाजवळून जाणारा माणूस लिहितो : ‘आईने टाकलेले पाडस.’ कधी तो दया येऊन ते उचलून घरीही नेतो, आणि आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. दिसले काय होते? पाडस बसले आहे, हालचाल नाही, दृष्टीच्या टप्प्यात मादी नाही. ‘टाकलेले’ हा शब्द माणसाने घरून आणला. चुकीचा अर्थ वहीत राहिला तर एक ओळ खराब होते, हातांत उतरला तर पाडस जाते. मुलांच्या बाबतीत हाच शब्द आपण किती सहज वापरतो, याचा विचार वाचकाने करावा.

पण माणसे बोलतात, मग त्यांना सरळ विचारावे की, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे आणि त्याला १९३४ सालचे एक प्रसिद्ध उत्तर आहे. रिचर्ड लापियर हे समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. चिनी माणसांविषयी तिथे तेव्हा उघड आकस होता. २५१ हॉटेले, खाणावळी आणि मुक्कामाच्या ठिकाणी ते गेले. नकार मिळाला तो फक्त एकदा. सुमारे सहा महिन्यांनी लापियर यांनी त्याच ठिकाणी पत्रे पाठवून विचारले, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ उत्तरे आली आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ म्हटले. या अभ्यासात उणिवा आहेत : पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा असणारा माणूस एकच होता कशावरून, आणि बरोबर एक गोरा प्राध्यापक असल्याचा परिणाम किती? तरीही बोलणे आणि वागणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एवढे त्याने कायमचे दाखवून दिले. आपल्याकडे फरक बहुधा उलट दिशेने पडतो. ‘आमच्यात मुलगा-मुलगी भेद नाही’ असे उत्तर प्रश्नावलीत मिळते, आणि पंगतीत दुधावरची साय कुणाच्या वाटीत पडते ते पाहायला कोणी बसत नाही.

मुलांच्या बाबतीत तर विचारण्याला मर्यादाच आहे. १९५० च्या दशकात बीट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांच्या पुढाकाराने सहा देशांतल्या सहा वस्त्यांत मुलांचा अभ्यास झाला. त्यात उत्तर प्रदेशातले खलापूर हे गाव होते. पाच-पाच मिनिटांच्या ठरलेल्या नोंदी घेतल्या गेल्या : मूल कुणाबरोबर आहे, काय करते, समोरचा काय करतो. ज्या मुलांवर धाकट्या भावंडांना सांभाळायचे काम असते, त्यांच्या वागण्यात जपणूक अधिक दिसते, यांसारखे निष्कर्ष त्या कंटाळवाण्या नोंदींतून निघाले. ते कुणा मुलाला विचारून निघाले नसते. महाराष्ट्रात याच सुमारास ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला जे करत होत्या, त्याला त्यांनी मानसशास्त्रीय संशोधन म्हटले नसेल. पण आदिवासी पाड्यावरचे मूल बालवाडीत येत नाही, या एका नोंदीचे दोन अर्थ लागू शकतात हे त्यांनी ओळखले. एक अर्थ तयारच होता : यांना शिक्षणाची गोडी नाही. दुसरा अर्थ पाड्यावर जाऊन पाहिल्यावरच लागतो : ते मूल धाकटे भावंड कडेवर घेऊन बसले आहे, किंवा गुरांमागे गेले आहे. म्हणून बालवाडी अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. आज कर्जतच्या प्रत्येक वाडीवस्तीवर जो शब्द पाटीवर दिसतो, तो पाहणाऱ्याने आपला पहिला अर्थ खोटा ठरू दिला म्हणून जन्माला आला आहे. तिथल्या सेविकेकडे आज नोंदवह्या बऱ्याच आहेत. मूल काय करते हे लिहायचा रकाना मात्र त्यांत शोधावा लागतो.

निरीक्षणावरचा सर्वांत जुना आक्षेप असा की पाहिले जात आहे हे कळताच पाहिला जाणारा बदलतो. रेहेकुरीतल्या उसळ्या हे त्याचे उदाहरण झाले. पाठ्यपुस्तके इथे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचे नाव घेतात. १९२४ ते १९३२ या काळात तिथे झालेल्या प्रयोगांत उजेड वाढवला तरी काम वाढले आणि कमी केला तरी वाढले, म्हणजे कामगार पाहिले जाण्यानेच बदलले, अशी ती कथा. पुढे मूळ आकडे पुन्हा तपासले गेले तेव्हा परिणाम कथेइतका ठळक आढळला नाही. पण कथा सुटसुटीत असल्याने पुस्तकांतून गेली नाही. (तपासणीच्या पद्धतीवरची कथाच तपासणीत टिकू नये, यात थोडा न्याय आहे.) या अडचणीवरचा उपाय मात्र विद्यापीठांच्या कितीतरी आधी पारध्यांना सापडला होता. गाय पारधी शिकवलेल्या गाईला पुढे घालून, तिच्या आडोशाने हळूहळू हरणांच्या कळपाजवळ जात. गुरे माळावर रोजची. कळप मान वर करत नाही. फासेपारध्यांचे फास हरणांच्या वाटांवर लावलेले असत, आणि वाट कुठली, वेळ कुठली, वारा कुठून, याचा हिशेब चुकला तर त्या दिवशी घरात चूल पेटत नसे. हे ज्ञान शिकारीसाठी होते, आणि आज काळवीट कायद्याने संरक्षित आहे, त्या धंद्याची भलामण करण्याचा प्रश्न नाही. पण पद्धत म्हणून पाहिले तर दोन गोष्टी त्यात आहेत : पाहणाऱ्याने परिसराच्या सवयीचा भाग होऊन जाणे, आणि अंदाज चुकला तर तो चुकल्याचे त्याच संध्याकाळी कळणे. आजचा निरीक्षक वर्गाच्या कोपऱ्यात पहिले चार दिवस काहीच न लिहिता नुसता बसतो, तेव्हा तो गाईमागेच उभा असतो.

दुसरा आक्षेप पाहणाऱ्यावर आहे : त्याला जे दिसावेसे वाटते तेच दिसते. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजांची उत्तरे द्यायचा, आणि १९०४ मध्ये नेमलेल्या जाणकारांच्या मंडळाला त्यात लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक साधी अट घातली : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसावे. घोडा चुकू लागला. तो विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी हालचाल वाचत होता, आणि हे कळल्यावरही स्वतः फुंग्स्ट यांना ती हालचाल थांबवता येईना. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थल आणि केर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर दिले आणि काहींना सांगितले की तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत. त्या विद्यार्थ्यांच्या नोंदींत उंदीर खरोखर हुशार निघाले. यावरून काही जण म्हणतात, मग निरीक्षणात वस्तुनिष्ठता नाहीच, सगळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. हा निष्कर्ष मला आळशी वाटतो. पूर्वग्रह पकडला गेला तो दुसऱ्या, अधिक काटेकोर निरीक्षणानेच. घोड्याकडे पाहणे बंद करून फुंग्स्ट यांना काही कळले नाही; ते घोड्याबरोबर माणसाकडेही पाहू लागले, तेव्हा कळले.

त्यासाठी सर्वांत साधे साधन म्हणजे दुसरा निरीक्षक. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न डोकावता लिहायचे आणि मग ताळा घ्यायचा. इथेही फसगत होते. समजा, शंभर नोंदींपैकी नव्वदांत दोघांचे एकमत झाले. ऐकायला छान आहे. पण नर शंभरांतल्या नव्वद वेळा चरतच असेल आणि दोघांनीही नव्वद वेळा ‘चरतो’ असेच लिहिले असेल, तर निव्वळ योगायोगानेही ब्याऐंशी नोंदी जुळतील. उरलेल्या अठरांपैकी आठच त्यांनी खऱ्या अर्थाने कमावल्या, म्हणजे निम्म्याहून कमी. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा निर्देशांक हाच हिशेब करतो. विद्यार्थी त्याचे सूत्र पाठ करतात. त्यामागची शंका पाठ करत नाहीत. शंका अशी : आपले जुळले, ते आपण दोघांनी पाहिले म्हणून, की पाहण्यासारखे काही घडलेच नाही म्हणून?

नोंदी दुसऱ्याला तपासता येण्याजोग्या नसल्या तर काय होते, याचे उदाहरण या विषयातल्या एका गाजलेल्या लेखानेच घालून दिले. १९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहान यांनी लिहिले की आठ धडधाकट माणसे आवाज ऐकू येत असल्याचे सांगून मनोरुग्णालयांत भरती झाली आणि मग नेहमीसारखी वागली. तरी त्यांच्या साध्या वागण्यालाही आजाराचा अर्थ लावला गेला. ती माणसे नोंदी घेत असत, आणि कर्मचाऱ्यांच्या कागदावर त्याची नोंद रुग्णाचे ‘लेखनवर्तन’ म्हणून झाली. ठपका आधी लागला की निरीक्षण त्याला पुरावे पुरवत जाते, हा त्यातला मुद्दा मोलाचा आहे. पण २०१९ मध्ये सुझॅना कॅहलन या पत्रकार बाईंनी त्या माणसांचा आणि कागदांचा माग काढला, तेव्हा बहुतेकांचा पत्ताच लागला नाही आणि जे सापडले त्यांच्या हकीकती लेखाशी नीट जुळल्या नाहीत. याच्या शेजारी रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांचे १९५१ चे पुस्तक ठेवावे. अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या सात वर्षांच्या मुलाचा २६ एप्रिल १९४९ हा एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, आठ निरीक्षकांनी पाळीपाळीने मिनिटामिनिटाने लिहून काढला. पाने चारशेच्या वर. त्यात सिद्धान्त जवळजवळ नाही, आणि वाचायला ते कोरडे आहे. पण आज कोणीही ते उघडून म्हणू शकतो की या ओळीचा मी वेगळा अर्थ लावतो. रोझेनहान यांचा लेख कितीतरी अधिक गाजला. टिकण्याच्या बाबतीत माझा कौल त्या कोरड्या पुस्तकाला आहे.

तिसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि या भागात तो पुस्तकातला राहत नाही. ज्या पारध्यांच्या नजरेची वर वाखाणणी केली, त्यांच्यावरच सरकारने अनेक दशके नजर ठेवली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ मध्ये देशभर लागू झालेले त्याचे नवे रूप, पुन्हा १९२४ चा कायदा; १९५२ मध्ये तो रद्द होईपर्यंत कित्येक जमातींतल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि मुक्काम हलवायला परवानगी घ्यावी लागे. याहून सातत्याची, याहून तपशीलवार नोंद कुठल्या मानसशास्त्रज्ञाने घेतली असेल? वेळ ठरलेली, माणूस ठरलेला, वही ठरलेली. तरीही ते निरीक्षण नव्हते, पाळत होती; आणि दोहोंत सीमारेषा कुठे आहे हे याच उदाहरणाने कळते. त्या वहीत हजर माणूस म्हणजे ताब्यात असलेला गुन्हेगार, गैरहजर म्हणजे सुटलेला गुन्हेगार. हा माणूस गुन्हेगार नाही, असे सिद्ध करू शकेल अशी एकही नोंद तिच्यात होऊ शकत नव्हती, कारण निष्कर्ष जन्मावरून आधीच लिहिलेला होता. म्हणून निरीक्षणाची नीती आणि निरीक्षणाची शास्त्रीयता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटत नाही. ज्याच्याकडे पाहायचे त्याची संमती घेणे, त्याचे नाव झाकणे, सार्वजनिक जागी पाहतानाही त्याला अपाय होईल असे न लिहिणे, हे नियम तर पाळावेतच. पण त्यांच्याआधी स्वतःला विचारावे की, हा माणूस मी समजतो तसा नाही, हे माझ्या वहीत कुठल्या रकान्यातून कळेल? रकाना नसेल तर संमतीपत्रावरची सही काही वाचवत नाही. आठवडी बाजारात मोबाइल उगारून ‘वर्तनाचा अभ्यास’ करणाऱ्यांना हा प्रश्न विशेष लागू आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत खोल आहे. मन आत असते, निरीक्षण बाहेर. पापणी लवली हे दिसते, ती डोळा मारण्यासाठी लवली की धूळ गेली म्हणून, हे दिसत नाही. खरे आहे. चारा छावणीत बाजेवर बसून तासभर रस्त्याकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात काय आहे, हे कुठलीही वेळनोंद सांगणार नाही, आणि सांगते असा दावा करणाऱ्याने तो मागे घ्यावा. पण या मर्यादेतून निरीक्षण निरुपयोगी ठरत नाही. त्याची जागा ठरते. तो माणूस पूर्वी चावडीवर बोलत बसायचा आणि आता एकटा बसतो, जेवणाचा डबा तसाच परत जातो, जनावरांना पाणी दाखवायची वेळ टळते, हे बदल नोंदवहीत तारखेनिशी दिसतात. कुणाशी बोलायला हवे आणि कधी, हे त्यांवरून कळते. ‘तुम्ही निराश आहात का’ या प्रश्नाला आपल्याकडचा कर्ता पुरुष ‘नाही, बरं आहे’ असेच उत्तर देतो. बोलण्याची जागा निरीक्षण घेत नाही; कुठे बोलायचे ते दाखवते. तिथून पुढे मुलाखतीचे काम सुरू होते, आणि त्यासाठी दुसरे पुस्तक लागेल.

सुरुवात करणाऱ्याने माळावर जाताना वहीत चार रकाने आखावेत : वेळ, कोण, काय केले, आजूबाजूला काय होते. अर्थासाठी जागा हवी असेल तर ती मागच्या पानावर ठेवावी आणि दिवस संपल्यावर भरावी. रेहेकुरीत एक मादी निवडून तास सुरू केला की विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला ती बाभळीच्या झुडपामागे जाते. इथे नवशिक्याचा हात चुकतो. आतापर्यंत ती चरतच होती, तेव्हा झुडपामागेही चरतच असणार असे धरून तो दोन-तीन नोंदी भरून टाकतो. त्या नोंदी बरोबरही असू शकतील. तिथे ‘दृष्टीआड’ एवढेच लिहावे, ती पुन्हा बाहेर येईपर्यंत प्रत्येक नोंदीच्या वेळी तेच लिहावे, आणि बेरीज करताना ती मिनिटे वेगळी काढावीत.